लोकरीच्या गाठी

“म्हाताऱ्यानं मारलेली गाठ सोडू नगासा, सूनबाई,” असं रंगूबाईनं मला बजावलं, तेव्हा मी हसले होते. एका हातात कात्री होती, मांडीवर मनू होती. सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या बाईला ही धनगरीण काय सांगणार, असं तेव्हा मनात असणार. मी म्हणाले, “अहो, गाठ सोडली तर काय होतं? भूत निघतं का त्यातनं?”

तिनं पदरानं तोंडावरची खडीची भुकटी पुसली, मनूच्या गालाला हात लावला आणि गेली.

त्र्याहत्तर सालचा तो फाल्गुन होता. जत तालुक्यात दुसरं वर्ष पाऊस नव्हता. धाकटे दीर अर्जुना बैलं आणि म्हैस घेऊन फलटणकडे पाहुण्यांच्या उसाच्या वाढ्यावर, हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्यावर, गेले होते. माझे यजमान सयाजी फौजेत, तिकडे बर्फात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी, दीड वर्षाची मनू आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे हंबीरराव. एवढ्या मोठ्या अंगणात आम्ही तिघं म्हणजे परातीत तीन दाणे. दुपारी माळावर ऊन थरथरायचं, लांबचं बाभळीचं झाड पाण्यात उभं असल्यासारखं दिसायचं, आणि मला वाटायचं, आपण सगळेच कुणाच्या तरी झोपेत आहोत, तो उठला की आपण नाही.

पण मला झोप नव्हती. मनूला दोनदा तापात झटका आला होता. डोळे पांढरे, मुठी घट्ट, ओठ जांभळे. एकदा पौषात, एकदा माघात, आणि दोन्ही वेळा अंधार पडल्यावर. जतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, “तिसऱ्यांदा ताप चढायला लागला की वाट बघत बसू नका. तडक माझ्याकडं आणा.”

तडक कसं आणणार? दुष्काळी कामावर आमचाच रस्ता खणून काढला होता. जागोजाग खडीचे ढीग. एस.टी. गावात यायची बंद झालेली, फाट्यावरूनच परत फिरायची. माळावरच्या गाडीवाटेनं जत चौदा किलोमीटर, आणि बैलं फलटणला.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामंजी ओसरीवर तंबाखू चोळत बसले होते. ते म्हणाले, “फटफटी हाय की.”

“कुठली फटफटी?”

“माजी.”

कडब्याच्या गंजीमागं, गोणपाटाखाली ती होती. दुसऱ्या महायुद्धात ते मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, आणि इटलीत निरोप पोचवायला फटफटी चालवायचे. फौज सुटल्यावर सरकारी लिलावातनं तसलीच एक घेऊन ते गावात आले होते. अर्जुना लहान असताना ती शेवटची चालली. आता तिच्या सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता, आणि वायरी अशा कुरतडल्या होत्या की आतलं तांबं गवतासारखं बाहेर आलेलं.

“मामंजी, ही चालेल?”

“इंजिन हाताला लागलं तर चालंल. दिवं मातुर नव्यानं जोडाय लागतील. सगळी वायर नवी.” मग म्हणाले, “पोरीला त्रास रातचाच हुतूया. दिव्याबिगर उपेग न्हाई.”

त्या दिवसापासून अंगण म्हणजे कारखाना झालं. ते उघड्या अंगानं, धोतर गुडघ्याच्या वर खोचून बसायचे. पाठीचा एक एक मणका मोजता यावा. एक एक नट सोडून रॉकेलच्या घमेल्यात टाकायचे, बोटांनी चोळायचे, अंगठ्यानं आटे तपासायचे. कधी नट जिभेला लावून बघायचे. मला किळस यायची. पान्हा पायाशी पडलेला असला तरी हाक मारायचे, “सूनबाई, पान्हा दे.” मला वाटायचं, फौजेतली सवय, हाताखाली माणूस लागतं.

मनू दुडदुडत तिकडेच जायची. मी दर थोड्या वेळानं तिच्या कपाळाला हात लावायची. मामंजी हसायचे.

“पोरीचं कपाळ झिजवशील.”

“तुम्हाला नाही कळायचं.”

“व्हय. आमी पोरं वाढीवलीच न्हाईत, ती आपली बांधावर उगावली.”

पंधरा दिवसांत इंजिन हललं. सुरुवातीला नुसतं खोकलं. मग एका सकाळी किकेवर ते असं काही धडधडलं की छपरावरचे कावळे उडाले, आणि मनू घाबरायच्या ऐवजी टाळ्या पिटायला लागली. मामंजींनी टाकीवर कान टेकला. एखाद्या गाभण गाईच्या पोटाला टेकवावा तसा.

मग वायरी. वायरींची भेंडोळी आली. त्यांनी त्या हाताच्या वितीनं मोजून कापल्या, नळीत घालून सांगाड्याच्या आतून फिरवल्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना त्यांनी लोकरीचा धागा बांधला आणि त्याला गाठी मारल्या. शेजारच्या रंगूबाईकडची काळी लोकर; दुष्काळात तिची चारच मेंढरं उरली होती, म्हणून ती खडी फोडायला जायची. धनगर मेंढरं मोजायला दोरीला गाठी मारतात तशा.

“हे कशाला?” मी विचारलं.

“एक गाठ डायनामोची. दोन बॅटरीच्या. तीन दिव्याच्या. चार भोंग्याच्या. अन् बिनगाठीची ती अर्थिंगची. मिसरात रातचा दिवा लावाय बंदी. काडी वढली तरी वरनं इमान यायचं. वायर तुटली तर अंधारात बोटांनीच जोडाय लागायची. सायेब म्हनायचा, ह्यो हंबीर आंधळा झाला तरी गाडी दुरुस्त करंल.” आणि ते हसले. लांबवर कुठं तरी बघत हसले.

मला ती गोष्ट आवडली. वाळू, चांदणं, आणि अंधारात गाठी मोजणारा एक तरणा मराठा. भांडी घासताना मी तेच मनात घोळवायची.

मग एक दिवस ते बॅटरी आणायला, रोज दिवसा माळावरच्या गाडीवाटेनं येणाऱ्या सिद्धूच्या पाण्याच्या टँकरमधून जतला गेले. सिद्धू हाका मारतच आला होता. “हंबीरतात्या, कुटली लढाई काढलीसा? पाकिस्तान तर निजलं!”

“तुज्या टँकरपरास लवकर जाईल बघ माजी फटफटी.”

“जाईल की. पर पानी घिऊन ईल का?”

ते गेले, आणि तासाभरानं मला मनूच्या तोंडात काहीतरी काळं दिसलं. बोट घालून काढलं तर तेलकट लोकरीची गुंडी. ती ओकारी काढत होती.  लोकरीला घाण, तेल, एक गोचीडही मला दिसली. मी कात्री घेतली आणि फटफटीवरच्या सगळ्या गाठी एकेक करून कापून टाकल्या.

नुसत्या कापल्या नाहीत. मी कॉलेजातली. माझ्या पेटीत भरतकामाचं रेशीम होतं. कापायच्या आधी प्रत्येक वायरीच्या गाठी नीट मोजल्या आणि जागी रेशीम गुंडाळलं: डायनामोला निळं, बॅटरीला लाल, दिव्याला पिवळं, भोंग्याला हिरवं. अर्थिंगच्या वायरीला काळं. घट्ट, गुळगुळीत, मनूच्या नखांनीही निघू नये असं. मग कागदावर आकृती काढली, रंग भरले, खाली सुवाच्य अक्षरात नावं लिहिली आणि छपराच्या मेढीला, मधल्या खांबाला, खिळ्यानं लावली. मी कापत असतानाच रंगूबाई खडीच्या कामावरून परत जाताना डोकावली होती आणि गाठीचं ते बोलली होती.

मामंजी तिन्हीसांजेला आले. मी उत्साहानं त्यांना मेढीपाशी नेलं.

“बघा. आता गाठी मोजायला नकोत. रंग बघायचा, आकृती बघायची.”

त्यांनी कागदावरून हात फिरवला. वायरीची दोन टोकं उचलली, अंगठ्यानं चोळली, खाली सोडली. पुन्हा उचलली.

“लय झ्याक,” ते म्हणाले. “अक्षार मोत्यावानी हाय.”

त्या रात्री ते जेवले नाहीत. प्रवासानं दमले असतील, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. मनू पाळण्यात निजली होती. मी मामंजींना सांगून घागर घेऊन गेले. रांगेत उभी होते. सिद्धूचा पाइप सुटला, बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या, आणि कुणी तरी ओरडलं, “हंबीररावाच्या दारात धूर!”

घागर कुठं टाकली ते आठवत नाही. धावतानाची ती वाट मात्र अजून स्वप्नात येते: पाय चालतात आणि घर जवळ येत नाही.

अंगणात रबर जळाल्याचा वास कोंदला होता. फटफटी उभी होती, टाकीत दोन लिटर पेट्रोल होतं, आणि मामंजी तिच्याशेजारी उभे होते. उजवी मूठ मिटलेली. पाळण्यात मनू उठून बसली होती, गजांना धरून, मजेत.

“काय झालं?”

“काय न्हाई. बोट घसारलं.”

मी मूठ उघडायला लावली. तळहातावर आडवा, पांढरा, भाजलेला पट्टा. बॅटरीची वायर सरळ अर्थिंगला लागली होती. ती लाल होऊन पेट्रोलच्या नळीकडं जळत निघाली, तशी त्यांनी ती हातानं धरून उपटली होती.

मी कोरफड आणायला वळले आणि मेढीकडं नजर गेली. माझी आकृती उलटी लागली होती. अक्षरं डोक्यावर उभी. वाऱ्यानं पडली असेल, आणि त्यांनी उचलून पुन्हा खिळ्याला लावली असेल.

मी पेटीतून रेशमाची लडी आणली आणि त्यांच्यासमोर धरली.

“मामंजी, हा कोणता रंग?”

त्यांनी लडी अंगठ्यानं चोळली. मग म्हणाले, “तू बी.ए. हाईस. तूच सांग.”

मी खाली बसले. कोरफडीचा गर त्यांच्या हातावर लावत राहिले.  मनू पाळण्यात स्वतःशी काही तरी बडबडत होती.

“कधीपासून?”

“दोन सालं झाली. कडंनं अंधार येत आला. आता सावली तेवढी कळती. मिरजंला दावलं हुतं. गेलेलं परत येत न्हाई म्हनला डाक्टर.”

“यांना सांगितलं नाहीत?”

“त्येला कशाला? तिकडं बर्फात बंदूक घिऊन हुबा. बापाचं डोळं कुटं ठिवील त्यो?”

“आणि मला?”

“तुला सांगितलं आसतं तर तू पोर माज्या मागं बसीवली आसतीस?”

मला राग आला. भाजलेल्या हातासमोर बसून मला असा राग आला की दात वाजायला लागले. “म्हणजे तुम्ही तिला घेऊन निघणार होता? अंधारात? न दिसता?”

“वाट माज्या बुडाला पाठ हाय. मिसरात...”

“हे मिसर नाही, मामंजी. ती माझी मनू आहे.”

त्यांनी मान खाली घातली. म्हातारं माणूस सुनेसमोर अशी मान घालतं ते मला बघवेना. मी उठून चुलीपाशी गेले आणि तिथं रडले. रागावून तर रडलेच. पण गाठी मीच कापल्या होत्या. आणि इतके दिवस मी दिवसात शंभरदा एका कपाळाला हात लावत होते, समोरच्या डोळ्यांत मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी रंगूबाई आली. तिला बघून मी म्हणाले, “तुम्हाला माहीत होतं. सरळ का नाही सांगितलंत?”

“माज्या मेंढरांची आन घातली हुती त्येनं. आन मोडू का? म्हनून गाठी सोडू नगासा येवढंच सांगितलं. तुमी हसलासा.”

तिनं कमरेची लोकर काढून माझ्या मांडीवर टाकली. “मारा आता. धुऊन आनलीया. गोचीड न्हाई.”

दुसऱ्या दिवसापासून वायरी मी जोडल्या. ते शेजारी बसून सांगायचे. त्यांचा हात फडक्यात बांधलेला, म्हणून जोड पक्के करायची डाकाची कांडी मी धरायची. मनूनं पुन्हा लोकर तोंडात घालू नये म्हणून मी तिच्या कमरेला आखूड दोरी लावून ती पाळण्याला बांधली होती. रेशीम सगळं सोडलं. लोकर बांधली. एक गाठ, दोन, तीन. मामंजी म्हणाले, “डोळं मीट अन् मोज.” मी डोळे मिटले. बोटाखाली गाठी आल्या, एकामागून एक. उन्हाचा लाल उजेड पापण्यांत भरला होता, आणि त्या उजेडात फटफटी, अंगण, मनूची बडबड, सगळं एकाच धाग्याला बांधल्यासारखं झालं. मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही.

आठवड्यानं दिवा जोडून झाला. भर दुपारची वेळ. मी कळ फिरवली. मामंजींनी डावा तळहात काचेसमोर धरला. उन्हात तो उजेड मलाही नीट दिसत नव्हता. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, तळहात काचेला अगदी चिकटवून.

“लागला,” ते म्हणाले. “ऊब येतीया.”

चालवायची कोणी, हा प्रश्न कुणी विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते म्हणाले, “सूनबाई, लुगडं नीट खोच. तळ्यात जाऊ.”

गावचं तळं त्या वर्षी कोरडं ठक्क होतं. तळाला भेगा पडलेल्या, पण मधला भाग परातीसारखा सपाट. धडकायला काही नाही, बघायला कुणी नाही. रंगूबाई मनूला घेऊन बांधावर बसली. मामंजींनी किक मारून दिली आणि मध्यभागी उभे राहिले. मी त्यांच्याभोवती फिरायची. ते आवाजावरून हाका मारायचे, “क्लच! आता सोड... हळू गं, हळू! गिअर रडतोय, कळत न्हाई व्हय?” मी चारदा पडले. एकदा फटफटी पायावर आली. त्या कोरड्या तळ्यात, जिथं दुष्काळाआधी गळ्याइतकं पाणी असायचं, मी फिरत राहिले. फिरता फिरता वाटायचं, मी पाण्याच्या तळाशी आहे, वर कुठं तरी पृष्ठभाग आहे, आणि मध्ये उभा असलेला तो म्हातारा माझ्या आवाजाला धरून मला वर ओढतोय.

रंगूबाई बांधावरून ओरडायची, “सायबीन झाली आमची सूनबाई! उद्या इमान चालीवनार!”

गावात बोललं गेलंच. सिद्धू म्हणाला, “तात्या, सुनंला शिपाई केलासा.” मामंजी म्हणाले, “शिपाई न्हवं. डोळं केलं.” सिद्धूला ते कळलं नाही. मला कळलं.

चैत्रात, दिवेलागणीच्या वेळी, मी मनूच्या कपाळाला हात लावला आणि तो उचलला नाही. अंग चुलीसारखं. ती माझ्याकडं बघत होती, पण बघत नव्हती.

मी हाक मारायच्या आधीच मामंजी अंगणात होते. त्यांनी फटफटी बाहेर काढली, टाकीखाली हात घालून बोटांनी गाठी मोजल्या, शेवटच्या गाठीपर्यंत. रंगूबाई धावत आली. मनूला ओल्या फडक्यात आणि वरून घोंगडीत घेऊन ती माझ्यामागं बसली आणि तिनं आम्हा तिघींना एकाच पटक्यानं बांधलं. मामंजींनी किक मारली. पहिल्या किकेला नाही. दुसऱ्या किकेला नाही. तिसऱ्या किकेला ती धडधडली. मी कळ फिरवली. त्यांनी काचेवर उजवा हात ठेवून उचलला, तळहाताचा तो भाजलेला पट्टा उजेडात गुलाबी दिसला.

“जा,” ते म्हणाले.

दुसऱ्या गिअरच्या वर मी गेलेच नाही. पिवळा उजेड पुढं पुढं वाट अंथरत होता. सराटे, दगड, एक ससा, पुन्हा दगड. रंगूबाई कानाशी सारखी सांगत होती, “श्वास हाय. हाय श्वास. चला.” वाटेत एकदा मनू ताठ झाली, रंगूबाईच्या आवाजावरून कळलं. मी थांबले नाही. थांबून मी काय केलं असतं? कुठल्या तरी वळणावर जतचे दिवे दिसले, तेव्हा ते मला तळ्याच्या तळातून दिसलेल्या चांदण्यांसारखे वाटले.

डॉक्टर नुकते जेवायला बसले होते. ते तसेच उष्ट्या हातानं उठले. सुई दिली. मनूच्या मुठी सैल झाल्या. ती झोपली, मग तिनं माझं बोट धरलं.

सकाळी परत आलो तेव्हा मामंजी अंगणात, होते तिथंच उभे होते. फटफटीचा आवाज त्यांनी म्हणे ओढ्यापलीकडूनच ओळखला होता. त्यांनी काही विचारलं नाही. मनूच्या पोटावर हात ठेवला, ते वरखाली होतंय हे बघितलं, आणि आत जाऊन झोपले ते दिवसभर.

ह्याला आता तीन वर्षं होतील. यजमानांना कुटुंबासाठी क्वार्टर मिळाली, आम्ही इथं उत्तरेत आलो. मनू शाळेत जाते. झटका पुन्हा आला नाही, तरी माझा हात तिच्या कपाळावर जातोच. मामंजींना आम्ही किती विनवलं. ते म्हणाले, “तितली वाट माज्या पायाला पाठ न्हाई.” अर्जुना फलटणलाच साखर कारखान्यात लागले. मामंजी सिद्धूकडून पत्र लिहून घेतात. प्रत्येक पत्रात एकच ओळ असते: आमी ब्येस हाय, काळजी नसावी.

रंगूबाई होती तोवर मला धीर होता. पण आता पाऊसपाणी बरं आहे, तिची मेंढरं पुन्हा झाली आहेत, आणि दिवाळी झाली की ती कळपाबरोबर घाटाखाली उतरते, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत येते. मधले सहा महिने त्या घरात ते एकटे असतात.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी त्या महिन्यांत सांगलीहून जतकडं गेलात, तर जतच्या अलीकडच्या फाट्यावर उतरा आणि हंबीररावांचं घर विचारा. छपरात फटफटी दिसेल, तिच्या टाकीखाली काळ्या लोकरीच्या गाठी असतील. ते तुम्हाला म्हणतील, दिसतंय, सगळं दिसतंय, जेवण झालंय, बसा. त्यांच्या शब्दावर जाऊ नका. पाणी प्यायचं निमित्त करून आत जा आणि चुलीवर तळहात धरून बघा, ऊब येते का. मग मला दोन ओळी लिहा.